आरसी हा गाडीचा सुटा भाग नाही

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. चौकोनी पाइपची फ्रेम स्वतः वेल्ड करून दोन सीटची, बिनटपाची स्पोर्ट्‌स कार घरी बांधायची आहे. नकाशे तयार आहेत. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, स्टिअरिंग, वायरिंग हे सगळं एकाच जुन्या गाडीतून काढणार आहे. तीन गाड्या समोर आहेत. पहिली आजोबांची १९६८ची फियाट ११००. आजोबा जाऊन नऊ वर्षं झाली, आरसी अजून त्यांच्याच नावावर आहे. दुसरी अपघातात टोटल लॉस झालेली हॅचबॅक. दलाल म्हणतो, ‘आरसी चालू आहे, बिनधास्त घ्या’. तिसरी मित्राच्या ओळखीतली जिप्सी. मालकाचं कर्ज फिटलंय, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच आहे. जी गाडी घेईन तिचा चासी नंबर असलेला तुकडा कापून नव्या फ्रेमवर वेल्ड करायचा आणि तिच्याच आरसीवर, तिच्याच नंबरने गाडी फिरवायची असा बेत आहे. गॅरेजवाले म्हणतात, सगळे असंच करतात. कायद्याच्या दृष्टीने तिघांतली कोणती घ्यावी?

उत्तर : तुम्ही विचारलंय कोणती गाडी घ्यावी, पण माझा जीव अडकला तो चासीच्या तुकड्यात. आधी तेच बोलू, कारण तो बेत कायम असेल तर तिन्ही गाड्या सारख्याच वाईट.

तुमची आरसी काढून समोर ठेवा. चासी नंबर आणि इंजिन नंबर सोडून आणखी काय लिहिलंय ते पाहा : बॉडीचा प्रकार, बैठक क्षमता, रिकाम्या गाडीचं वजन, व्हीलबेस, इंजिनाची घनक्षमता. पाच माणसांच्या बंद गाडीची दोन माणसांची उघडी गाडी केली की यातली किती घरं खरी उरतात? मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की, निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीतला तपशील विसंगत ठरेल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र यांच्या प्रकरणात या कलमाचा अर्थ कडक लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. मनाई असलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘दर बदलामागे’ हे शब्द नजरेतून सुटू देऊ नका. तुमच्या नकाशात असे बदल किती, हे तुम्हीच मोजा.

आणि हे झालं फक्त बदलाचं. तुम्ही करणार आहात तो बदलही नव्हे. जुन्या गाडीचा सांगाडा शिल्लक न ठेवता तिचा नंबर दुसऱ्याच सांगाड्यावर चढवणं म्हणजे एका गाडीने दुसरीचं नाव लावून फिरणं. चोरीच्या गाड्या नेमक्या याच रीतीने धुतल्या जातात. तपासणीत वेल्डचा सांधा दिसला की अधिकारी तुमची हौस विचारणार नाही, फ्रेम कुठून आली ते विचारेल. तिथे मोटार वाहन कायदा मागे पडतो आणि बनावटीकरण-फसवणुकीची कलमं पुढे येतात. विम्याचीही तीच गत. पॉलिसी त्या चासी नंबरच्या त्या गाडीची. उद्या कुणाला धडक बसली तर कंपनीचा सर्व्हेअर आधी चासी पाहील, आणि भरपाईचा बोजा शेवटी तुमच्या अंगावर येण्याची वाट मोकळी होईल. सगळे असंच करतात म्हणणारे गॅरेजवाले तेव्हा साक्षीला येत नाहीत, हे मी अनुभवाने सांगतो.

मग नव्या गाडीची नवी नोंदणी? सरळ मार्ग तोच, आणि घरच्या बांधणाऱ्यासाठी तो जवळजवळ बंद आहे. नव्या गाडीच्या नोंदणीला नमुना २० चा अर्ज लागतो. सोबत विक्रीचा दाखला म्हणून नमुना २१ आणि गाडी नियमांनुसार बनली असल्याचा निर्मात्याचा दाखला म्हणून नमुना २२. तुमच्या गाडीचा विक्रेता कोण आणि निर्माता कोण? दोन्ही तुम्हीच, पण कायद्याच्या लेखी निर्माता म्हणवून घ्यायचं तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ खाली एआरएआय किंवा आयकॅटसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून प्रोटोटाइप तपासून घ्यावा लागतो. ब्रेक, दिवे, धूर, सगळं. ही व्यवस्था हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी आखलेली आहे. तुम्ही परदेशी व्हिडिओ पाहून प्रेरणा घेतली असणार. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकट्या गाडीची आयव्हीए नावाची तपासणी होते आणि ती पास झाली की नंबर मिळू शकतो. आपल्याकडे हौशी माणसासाठी असा दरवाजा ठेवलेला नाही. ठेवायला हवा असं माझं वैयक्तिक मत आहे, पण माझ्या मतावर आरटीओ चालत नाही.

उरतो तो बंदिस्त आवार. कलम २(२८) मधल्या ‘मोटार वाहन’ या व्याख्येतून कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी खास बनवलेलं वाहन वगळलं आहे. विद्यार्थी बाहा एसएई इंडियाच्या स्पर्धेत ज्या गाड्या पळवतात, त्यांना नंबरप्लेट नसते. पण इथे ‘आवारातच’ मधला ‘च’ फार जड आहे. हेडलाइट, इंडिकेटर, नंबरप्लेटची चौकट असं सगळं लावून ‘ही फक्त ट्रॅकची गाडी’ म्हणालात तर कोण ऐकेल? शिवाय कलम ३९ बिननोंदणीची गाडी ‘सार्वजनिक जागी किंवा अन्य कोणत्याही जागी’ चालवू देत नाही. म्हणजे सोसायटीचा रस्ता, मित्राचं शेत, रिकामं मैदान ही पळवाट नव्हे. गाडी ट्रॅकवर न्यायची ती ट्रेलरवर चढवून. पेट्रोल भरायला म्हणून कोपऱ्यापर्यंतसुद्धा चालवत न्यायची नाही.

ट्रॅकची गाडी चालेल असं ठरलं, तर तुमच्या मूळ प्रश्नाला अर्थ येतो. आता निवड भागांची आहे, नंबराची नाही.

फियाटला हात लावू नका. हँडलचा गिअर, पुढे इंजिन, मागे ड्राइव्ह, म्हणून इंजिनिअरला मोह पडणार हे कळतं. पण आजोबा मृत्युपत्र न करता गेले असतील तर ती गाडी तुमची नाही. ती आजीची, वडिलांची, काकांची आणि आत्याचीही आहे (आत्याला लोक हटकून विसरतात). सगळ्यांची लेखी संमती नसताना ग्राइंडर लावलात तर घरातच दावा उभा राहील. मालक वारला की नोंदणी प्राधिकाऱ्याला तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ वर नाव बदलून घ्यायचं असतं. नऊ वर्षांचा उशीर विलंबशुल्काने निभावतो. आणि ती गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांच्या पुढे गेली आहे. २०२१ च्या नियमांनुसार अशी गाडी व्हिंटेज म्हणून वेगळ्या नोंदणीला पात्र ठरते, मात्र मूळ रूपात राखलेली हवी. चासी किंवा बॉडी कापली की ती संधी गेली. नाव बदला, व्हिंटेज नोंदणीचा अर्ज करा, आणि स्पोर्ट्‌स कारसाठी दुसरीकडे पाहा.

टोटल लॉस गाडीत दलाल जो गुण सांगतो, तोच मला दोष वाटतो. विमा कंपनीने पूर्ण भरपाई दिलेल्या गाडीची आरसी ‘चालू’ का आहे? ती रद्द व्हायला हवी होती. सांगाड्यापेक्षा कागदाला जास्त गिऱ्हाईक असतं म्हणून ती जिवंत ठेवतात. तिचं इंजिन-गिअरबॉक्स पसंत असेल तर फक्त तेवढंच घ्या. पक्कं बिल, त्यावर इंजिन नंबर, विकणाऱ्याची सही आणि ओळखपत्राची प्रत. आरसी फुकट देत असला तरी घेऊ नका. त्याआधी एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरो) ‘वाहन समन्वय’ सेवेवर तो इंजिन आणि चासी नंबर चोरीच्या यादीत नाही ना, ते पाहा. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बाजाराहून फारच कमी किंमत हेही ‘कारण’ धरलं जातं.

मी जिप्सी घेईन. इंजिन गाडीच्या लांबीला समांतर बसवलेलं, मागचा ॲक्सल आख्खा निघतो, आणि तिच्या कागदांतली अडचण सुटणारी आहे. बँकेचा नाहरकत दाखला आणि नमुना ३५ देऊन मालकाने एचपी, म्हणजे आरसीवरची बँकेच्या कर्जाची नोंद, उतरवायची. हे त्याचं काम आहे, नाव बदलण्याआधीचं. मग नमुना २९ आणि ३० भरून गाडी तुमच्या नावावर. ‘तोडायचीच आहे तर नावावर कशाला?’ असं मित्र म्हणेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार प्रकरणात सांगितलं की नोंदणी ज्याच्या नावावर, कायद्याने मालक तोच आणि अपघाताची जबाबदारीही त्याचीच. मित्राच्या ओळखीच्या माणसाला त्या फासात ठेवू नका, आणि गाडी नावावर नसेल तर पुढचा अर्जही तुम्हाला करता येणार नाही.

तो पुढचा अर्ज म्हणजे कलम ५५. गाडी कायमची निकामी झाली की चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर मालकाने आरसीसह नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचं. भाग काढून उरलेला सांगाडा परस्पर भंगारवाल्याला देऊ नका. २०२१ च्या नियमांखाली नोंदणी झालेल्या स्क्रॅपिंग केंद्राकडे द्या आणि दाखला घ्या. अर्धी सोललेली गाडी केंद्र स्वीकारेल का, ते मात्र पहिला बोल्ट सैल करण्याआधी विचारा. चासी नंबरचा तुकडा सांगाड्यावरच राहू द्या.

विसार देण्याआधी अर्धा तास जिप्सीपाशी घालवा. एक कोरा कागद आणि मऊ पेन्सिल न्या. चासीवरचा नंबर चिंधीने पुसून त्यावर कागद धरा आणि पेन्सिल आडवी घासा, अक्षरं उमटतील. कुठे एखादं अक्षर शेजाऱ्यापेक्षा खोल किंवा वाकडं उमटलं, भोवतीचा पत्रा घासलेला वाटला, तर विसार खिशातच ठेवा. सतरा अक्षरी नंबर असेल तर त्यात इंग्रजी आय, ओ किंवा क्यू ही अक्षरं कधीच नसतात, हेही पाहा. सगळं जुळलं तर पावतीवर हे वाक्य लिहून दोघांच्या सह्या घ्या : ‘वरील चासी व इंजिन क्रमांकाची गाडी आज ताब्यात दिली, एचपी विकणाऱ्याने उतरवून द्यायची, नाव हस्तांतरित होईपर्यंत गाडी रस्त्यावर चालवायची नाही व तिचा कोणताही भाग सुटा करायचा नाही.’ पेन्सिलीचा तो ठसा पावतीलाच टाचून ठेवा.