नवी मालिका चौथ्या आठवड्यात बघा, मग ठरवा

तुमचा प्रश्न असा, की जिकडेतिकडे त्याच चार-पाच मालिकांवर बोलणं चालतं, मग नव्याने सुरू झालेल्या आणि कुणी नावही न घेणाऱ्या मालिकांत बघण्यासारखं काही असतं का, आणि असेल तर ते ओळखायचं कसं. शिवाय घरात टीव्ही एकच आणि रिमोट आईंच्या हातात.

असतं. पण एक पथ्य पाळा. पहिल्या आठवड्यावरून मत बनवू नका, ना चांगलं ना वाईट. पहिल्या आठवड्यात वाहिनीने पैसा ओतलेला असतो. ड्रोनने घेतलेलं गाव, जत्रा, मोठा वाडा, नायक-नायिकेची धडक, सगळं प्रोमोसाठी घडवलेलं. लेखकालाही त्या भागांसाठी भरपूर वेळ मिळालेला असतो. मग आधीच चित्रित करून ठेवलेल्या भागांचा साठा संपत येतो, आज शूट आणि उद्या टेलिकास्ट अशी धावपळ सुरू होते, आणि मालिका खरी कशी आहे ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कळतं.

त्या आठवड्यात मी काय बघते ते सांगते. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की वीस-बावीस मिनिटं उरतात. त्यातली किती मागच्या भागाची उजळणी करण्यात आणि एकाच वाक्यावर घरातल्या सगळ्यांचे चेहरे फिरवून दाखवण्यात गेली? नायिका बँकेत नोकरी करते असं सांगितलंय, तर ती बँकेत कधी दिसते का, की सारा दिवस हॉलमध्येच उभी? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुय्यम पात्रं. घरातला काका, कामाला येणाऱ्या मावशी, ऑफिसातला शिपाई यांना स्वतःचं काही म्हणणं आहे का, की ते फक्त दाराआडून ऐकण्यापुरते आहेत? लेखकाला माणसांत रस आहे की फक्त कथानक पुढे ढकलण्यात, हे तिथे कळतं.

‘रुद्रम’ या कसोटीला पुरेपूर उतरली होती. २०१७ साली झी युवावर आली. लेखन गिरीश जोशींचं, दिग्दर्शन भीमराव मुडे यांचं, रागिणीच्या भूमिकेत मुक्ता बर्वे. कुटुंब गमावलेल्या बाईची सूडकथा, म्हणजे एरवी दोन-तीन वर्षं सहज ताणता आली असती अशी गोष्ट. यांनी ती काही महिन्यांत, ठरलेल्या जागी संपवली. रागिणी प्रत्येक पावलाला घाबरते, चुकते, आणि तरी पुढे जाते. शेवट ठाऊक असलेल्या लेखकाने लिहिलं की प्रत्येक प्रसंगाला वजन येतं. जाणकारांनी कौतुक केलं, पण मुख्य वाहिन्यांच्या मालिकांएवढी ती घराघरांत पोहोचली नाही, कारण झी युवा ही वर्षभरापूर्वी सुरू झालेली वाहिनी होती आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळेला बोटं सवयीने दुसऱ्याच नंबरवर जात होती.

मला सगळ्यात जास्त चुटपुट लागली ती ‘सावित्रीजोती’ची. सोनी मराठीवर जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली. ओंकार गोवर्धन जोतीराव, अश्विनी कासार सावित्रीबाई. आता फुल्यांवर मालिका म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुतळा येतो, हार घातलेला. इथे नवरा-बायको होते. एकमेकांशी बोलणारे, एकमेकांचं ऐकणारे, घरच्यांच्या आणि समाजाच्या रेट्यापुढे कधी गोंधळणारे. नवरा बायकोला शिकवतो ही गोष्ट आपण शाळेत एका ओळीत वाचलेली असते. ते शिकवणं रोज घडतं कसं, घरात त्याची काय किंमत मोजावी लागते, सासऱ्यांच्या मनात काय चालतं, जोतीरावांना आईच्या मायेने वाढवणाऱ्या सगुणाबाई कुठे उभ्या राहतात, हे एका ओळीत मावत नाही. त्याला रोजची मालिकाच लागते. हा विषय दैनंदिन मालिकेच्या आकाराला इतका शोभून दिसला, की इतकी वर्षं कुणी हे का केलं नाही असं वाटत राहिलं.

मग मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि सगळ्यांचीच चित्रीकरणं थांबली. जुलैत नवे भाग सुरू झाले ते निर्बंधांसकट. सुरुवातीला तर ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर यायलाच बंदी होती, ती ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. नुकती बाळसं धरणारी मालिका मधेच काही महिने बंद पडली तर तिचा प्रेक्षक परत गोळा करणं फार कठीण. तरी मंडळी नेटाने करत राहिली. डिसेंबरमध्ये निर्मात्यांनी प्रतिसादाअभावी मालिका संपवत असल्याचं जाहीर केलं. वर्षही पुरतं झालं नाही. त्यानंतर मात्र समाजमाध्यमांवर हळहळीचा पूर आला. त्यातल्या निम्म्या लोकांनी जरी एप्रिलआधी दोन ओळी लिहिल्या असत्या तर काही वेगळं झालं असतं का, हा प्रश्न मला आजही पडतो.

तो का पडतो ते सांगायचं तर टीआरपीचं गणित सांगावं लागेल. ‘बार्क’ संस्था देशभरातल्या ५० हजारांहून अधिक घरांत यंत्र बसवून कोण काय बघतं ते मोजते आणि आकडे दर आठवड्याला, गुरुवारी येतात. तुमच्याआमच्या घरी ते यंत्र असण्याची शक्यता नगण्य. आपण नंतर मोबाईलवर भाग बघतो, तेही त्या आकड्यात धरलं जात नाही. म्हणजे आपण बघितलं की नाही, याचा मालिकेच्या आयुष्यावर थेट परिणाम जवळजवळ शून्य. पण आपण बोललो, तर ते नाव कुणाच्या तरी कानावर पडतं, आणि त्या कुणाच्या तरी घरी यंत्र असू शकतं. पहिल्या काही गुरुवारी आकडे पडले की वाहिनी आधी वेळ बदलते, मग कथेत लीप आणते, म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढे नेते, मग महाएपिसोड, मग गाशा. म्हणून चांगलं काही दिसलं तर तेव्हाच बोला.

वेगळी मालिका लवकर बंद पडण्याचं दुसरं कारण रिमेकचं. ‘आई कुठे काय करते’ मूळ बंगाली ‘श्रीमोयी’वरून आली, ‘ठरलं तर मग’ तमिळ ‘रोजा’वरून. या मालिका मला वाईट वाटत नाहीत, ‘आई कुठे...’चे सुरुवातीचे महिने मी आवडीने पाहिलेत. पण ज्या गोष्टीने दुसऱ्या भाषेत आकडे आणलेत, तिच्यावर वाहिनीचा भरवसा असतो आणि थोडा पडता काळ आला तरी तिला सांभाळून घेतलं जातं. स्वतंत्र मराठी गोष्टीला तेवढी उसंत मिळत नाही. तुम्ही निवडताना हे ध्यानात ठेवा, मूळ मराठी संहिता असेल तर चार दिवस जास्त द्या.

छोट्या प्रयोगांकडेही लक्ष असू द्या. ‘आठशे खिडक्या नऊशे दारं’ टाळेबंदीत कलाकारांनी आपापल्या घरीच चित्रित केली. कॅमेरा, प्रकाश, मेकअप सगळं घरचं, त्यामुळे दिसायला ओबडधोबड, पण एका सोसायटीतली माणसं त्या दिवसांत कशी होती याची ती नोंद आहे. ‘गाव गाता गजाली’मध्ये तर कुणी कपटी सासू नाही की कारस्थान नाही, नुसती मालवणी माणसं आणि त्यांच्या गजाली, म्हणजे गप्पागोष्टी. खलनायकाशिवाय मालिका चालते, हे दाखवून देणाऱ्या मालिका आपल्याकडे फार थोड्या. आणि टीव्हीच्या बाहेर डोकवायचं असेल तर २०१९ची ‘पांडू’ ही वेबमालिका, मुंबईतल्या दोन हवालदारांची. पोलिसांची रोजची दमछाक इतक्या आपुलकीने फार कमी ठिकाणी दिसली.

आता आईंचं. त्यांची आठची मालिका बंद करायला लावू नका, उगाच भांडण होईल. ‘अजूनही बरसात आहे’ने सुरुवात करा, सोनी मराठीवर २०२१-२२ मध्ये होती, मुक्ता बर्वे आणि उमेश कामत. पस्तिशी ओलांडलेले दोन डॉक्टर, एकेकाळचं प्रेम, मधे गेलेली वर्षं, आणि दोन्हीकडची घरं. आईंना हवी असलेली नाती, रुसवे, जेवणाचं टेबल सगळं आहे, आणि तुम्हाला हवे असलेले सरळ, मोठ्या माणसांसारखे संवादही. दुपारच्या चहाला एक भाग लावा. ‘रुद्रम’ त्यांच्यासोबत नको, ती रात्री एकट्याने बघा. आणि सध्या नवीन सुरू झालेल्यांपैकी चौथ्या आठवड्यातही टिकलेली एखादी सापडली तर मला नाव नक्की कळवा, मी त्याच दिवशी बघायला घेते.