हुरहूर, रुखरुख, चुटपुट, हळहळ: लागते कोणती आणि वाटते कोणती?

प्रश्न असा आहे: ‘हुरहूर, रुखरुख, चुटपुट आणि हळहळ या चारही शब्दांपुढे कोशात कमीअधिक फरकाने अस्वस्थता, खंत असंच काही दिलेलं असतं. मग लिहिताना कोणता कुठे वापरायचा?’

कोशातला अर्थ इथे फार पुढे नेत नाही. आधी चारही शब्द एकाच घरात ठेवून पाहू. गणपती गेले, मखर रिकामं झालं, संध्याकाळी आरतीच्या वेळेला पाय आपोआप तिकडे वळले, तेव्हा लागते ती हुरहूर. विसर्जनाला निघण्याच्या घाईत बाप्पाबरोबर दही-पोह्यांची शिदोरी द्यायची राहूनच गेली, त्याची लागते ती रुखरुख. आरतीला पोचायला पाच मिनिटं उशीर झाला आणि शेवटचा मोदक समोरच्याच्या तोंडात गेला, ती चुटपुट. शेजारच्यांची मूर्ती घरी आणतानाच वाटेत दुभंगली हे ऐकून सगळी आळी करते ती हळहळ.

यातून फरक बराचसा दिसतो. हुरहुरीत आपलं काही चुकलेलं नसतं, काहीतरी जवळ नसतं किंवा लवकरच नसणार असतं. रुखरुखीत आपल्या हातून काहीतरी राहिलेलं असतं आणि ते आता भरून काढता येत नाही. चुटपुट त्याच जातीची, पण वजनाला हलकी. थोडक्यात हुकलेल्या गोष्टीची. नव्व्याण्णववर बाद झालेल्या फलंदाजाला चुटपुट लागते. आजारी आजीला भेटायला जायचं जायचं म्हणत राहून गेलं आणि ती गेली, तर तिथे चुटपुट म्हणणं कोतं वाटतं, रुखरुखच हवी. अर्थात सीमेवरची वाक्यं असतातच. ‘स्टेशनवर जाऊनही भेट झाली नाही’ याची दोन्ही लागू शकतात. कोणती लागली यावरून त्या भेटीचं मोल कळतं.

आता क्रियापदाकडे पाहा, कारण खरी खूण तिथे आहे. पहिल्या तिघी ‘लागतात’. मराठीत भूक लागते, तहान लागते, ओढ लागते, जिवाला घोर लागतो. जे लागतं ते चिकटून असतं आणि शमेपर्यंत सुटत नाही. म्हणून ‘हुरहूर लागून राहिली’, ‘रुखरुख लागून राहिली’ हे सहज येतं. हळहळ मात्र वाटते किंवा व्यक्त होते. ‘हळहळ लागून राहिली’ कानाला खटकतं, कारण हळहळ ही ऐकल्या क्षणी उसळणारी, चारचौघांत बोलून दाखवायची गोष्ट आहे. बहुतेकदा ती दुसऱ्याच्या नुकसानीबद्दल असते. ‘परिसरात हळहळ व्यक्त होत आहे’ हे वाक्य बातम्यांनी इतकं झिजवलंय की त्यात कोण हळहळतंय हे शोधूनही सापडत नाही. शक्य असेल तिथे सरळ ‘लोक हळहळले’ लिहावं. चौघींपैकी रोजच्या बोलण्यात स्वतःचं क्रियापद असलेली ही एकटीच. ‘हुरहुरणे’ भेटलं तर कवितेत.

दुसरी परीक्षा ‘कसली?’ या प्रश्नाची. ‘मला रुखरुख लागली आहे’ असं कुणी म्हटलं की ऐकणारा ‘कसली?’ विचारणारच, आणि उत्तर तयार असावं लागतं: न सांगितल्याची, वेळेवर न पोचल्याची. चुटपुटीलाही असंच कारण लागतं. हुरहुरीला लागत नाही. कातरवेळी उगाचच हुरहूर लागली, हे वाक्य पूर्ण आहे. म्हणून ‘अनामिक हुरहूर’ मधला ‘अनामिक’ मला फुकटचा वाटतो. नाव सांगता येत नाही हे हुरहूर या शब्दातच आलं.

हुरहूर आणि धाकधूक यांचीही गल्लत होते. दहावीचा निकाल उद्या लागणार आहे, तेव्हा होते ती धाकधूक, कारण तिच्यात भीती आहे. निकाल लागून शाळा सुटणार, बाकावरचा सोबती दुसऱ्या गावी जाणार, ही हुरहूर.

लागणाऱ्यांच्या पलीकडे ‘होणाऱ्यां’चा मोठा गट आहे: घालमेल, तगमग, तळमळ, चलबिचल. इथे ‘मला’ चालत नाही, ‘माझी’ लागतं. ‘मला घालमेल वाटते’ हे अलीकडे वाचायला मिळतं, पण ‘माझी घालमेल होते’ किंवा ‘जिवाची घालमेल होते’ हीच रीत. घालमेलीत मन दोन टोकांमध्ये हेलपाटे घालतं: जावं की न जावं. तगमग अंगाजवळची, वैशाखात वीज गेल्यावर होते तशी. मनाची तगमग म्हणतानाही तो उकाडा शब्दात राहतो. तळमळ मात्र दोन घरची पाहुणी. ‘रात्रभर त्याची तळमळ होत होती’ यात त्रास आहे, तर ‘तिला शाळेबद्दल तळमळ आहे’ हे कौतुक आहे. ‘होणे’ आलं की त्रास, ‘असणे’ आलं की बहुधा आस्था.

लिंगाचं म्हणाल तर वरचे सगळे शब्द स्त्रीलिंगी. शेवटी ‘आट’ आला की शब्द बहुधा पुल्लिंगी होतो: तो जळफळाट, तो थयथयाट. जळफळाट आतल्या आत होऊ शकतो. थयथयाटाला पाय आपटणं आणि बघायला माणसं हवीत, म्हणून तो होण्यापेक्षा केला जातो.

होणे आणि करणे यांतला हा फरक घरात रोज कामाला येतो. ‘माझी चिडचिड होते’ म्हणणारा आपल्याला होणारा त्रास सांगतोय. ‘तू चिडचिड करतोस’ म्हणणारा दोष देतोय. कंटाळ्याचंही तेच. ‘अभ्यासाचा कंटाळा आला’ ही तक्रार, ‘अभ्यासाचा कंटाळा करतो’ हा आरोप. आणि कंटाळा नामासारखा वापरला तर ‘कामाचा’, क्रियापद केलं तर ‘कामाला कंटाळलो’.

शेवटची एक निवड, ‘वर’ की ‘ला’, कारण ती हमखास चुकते. ‘आई माझ्यावर रागावली आहे’ म्हणजे तिच्या मनात राग आहे, कदाचित ती बोलतही नसेल. ‘आई मला रागावली’ म्हणजे बोलणी बसली, आणि बहुतेक वेळा विषय तिथेच संपला. रुसणाऱ्याला मात्र फक्त ‘वर’ चालतं, शिवाय समजूत काढणारं हक्काचं माणूस लागतं. म्हणूनच साहेब रागावतात, चिडतात, वैतागतात. ‘साहेब रुसले’ हे मात्र त्यांच्या पाठीमागेच म्हणतात.