पोरीची प्राध्यापकी आणि तुमचा राखीव गट

नमस्कार दादा,

पत्र दोनदा वाचलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, मुलगी राज्यशास्त्रात एमए, सेट (प्राध्यापकीची राज्य पात्रता परीक्षा) पास, सध्या तालुक्याच्या कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवते आणि तिला विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायचंय. तुम्ही वीस वर्षं पक्षाचं काम करताय, यंदा तुमचा जिल्हा परिषद गट महिलेसाठी राखीव सुटला म्हणून तिला उभं करायचंय, आणि पुढे नोकरी लागली तर दोन्ही सांभाळता येईल ना, प्राध्यापकांना सगळं चालतं, असं म्हणताय. आणि मध्येच एका ओळीत सांगून टाकलंत की तिच्या फेसबुकवरून पक्षाच्या पोस्ट तुम्हीच टाकता, ती चिडते, पण "लेकरांना कळत नाही".

मी त्या ओळीपाशीच थांबले. दादा, ती लेकरू नाहीये हो, वर्गात साठ पोरांसमोर उभी राहून राज्यघटना शिकवते. तिच्या नावाने, तिच्या फोटोखाली तुम्ही रोज कुणाला तरी शिव्या घालताय किंवा कुणाचा तरी जयजयकार करताय आणि ते सगळं तिच्या नावावर जमा होतंय. उद्या इंटरव्ह्यूला समोर बसलेल्या माणसाने ते अकाउंट उघडून बघितलं तर "हे माझे पप्पा लिहितात" असं ती कोणत्या तोंडाने सांगणार? वीस वर्षं राबून ऐन वेळी गट राखीव सुटला याचं तुम्हाला वाईट वाटणं मी समजू शकते. पण पन्नास टक्के आरक्षण बायांनी स्वतः कारभार करावा म्हणून आलंय, बापाचं राहिलेलं तिकीट लेकीच्या नावावर काढायला नाही. तिला उभं राहायचंय का हे अख्ख्या पत्रात कुठेच नाही.

आता "प्राध्यापकांना सगळं चालतं" हे. हा समज कुठून आला ते मला माहितीये, आपल्याकडे किती पुढाऱ्यांच्या नावाआधी "प्रा." असतं. मधू दंडवते सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, ग. प्र. प्रधान फर्ग्युसनमध्ये इंग्रजी शिकवायचे आणि पुणे पदवीधर मतदारसंघातून आमदार झाले. पण ही दोन्ही कॉलेजं खासगी संस्थांची, सरकारी नाहीत. पाटी कॉलेजचीच असली तरी मालक कोण त्यावर नियम बदलतो. उद्या ती एमपीएससीतून सरकारी कॉलेजात लागली तर 1979 चे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम लागतात, त्यातला पाचवा नियम सरळ सांगतो की पक्षाचं सदस्य व्हायचं नाही, विधिमंडळाच्या काय किंवा स्थानिक संस्थेच्या काय, निवडणुकीत भाग घ्यायचा नाही, प्रचार करायचा नाही, मत द्यायचं पण कुणाला देणार ते सांगायचं नाही, स्वतःच्या अंगावर, गाडीवर, घरावर चिन्ह लावलं तरी तो प्रचार धरतात. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचे 1964 चे नियमही याच धर्तीवर आहेत. राज्याच्या विद्यापीठातला शिक्षक मात्र थेट सरकारी नोकर नसतो, पगाराचे पैसे सरकारकडून येतात पण त्याला विद्यापीठाचे स्वतःचे परिनियम, म्हणजे विद्यापीठाने केलेले नियम लागतात. म्हणजे मोकळं रान असं समजू नका. जिथली जाहिरात असेल तिथले परिनियम वाचायचे आणि कुलसचिवांना लेखी विचारायचं, तोंडी "चालतंय की" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही.

याचा अर्थ तिने तोंड शिवून बसायचं असाही नाही, तिलाही हे सांगा. 2020 मध्ये त्रिपुरा हायकोर्टाने एका सरकारी कर्मचारी बाईंच्या केसमध्ये म्हटलं की सभेला नुसतं हजर असणं आणि सभेत भाग घेणं वेगळं, आणि नियमांच्या चौकटीत राहून स्वतःचं मत मांडायचा हक्क सरकारी नोकरालाही आहे. स्वतःचं मत, दादा. शिवाय शिक्षकाचं म्हणून एक राजकारण असतंच, अधिसभेची, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटची निवडणूक असते, संघटना असते, 2013 मध्ये एमफुक्टो या प्राध्यापकांच्या राज्य महासंघाने परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला तेव्हा अख्खा महाराष्ट्र हलला होता. तिला रस असेल तर तिथे ती स्वतःच्या नावाने उभी राहील.

नोकरीचं म्हणाल तर यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2023 मध्ये सहायक प्राध्यापकासाठी नेट-सेट पुरेशी केलीये, पीएचडी ऐच्छिक आहे, तरी स्पर्धा बघता तिने ती करावी, आणि दोन पेपर तरी चांगल्या जर्नलला द्यावेत.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी तुम्हाला देणार नाहीये. तिला झेडपी लढवायची असेल तर आत्ता मोकळेपणाने लढवू दे, पुढची चार-पाच वर्षं नोकरीचं काय होईल याचा हिशोब तिला करू दे, आणि नसेल लढवायची तर पक्षात वीस वर्षं राबलेल्या एखाद्या कार्यकर्तीचं नाव तुम्ही सुचवा, तुमच्या गटात नक्की असेल.

आज रात्री मात्र फेसबुकचा पासवर्ड तिला बदलू द्या आणि नवीन काय ठेवला ते विचारू नका. जुन्या पोस्ट ठेवायच्या की काढायच्या ते ती ठरवेल. आणि पुढचं पत्र तिने लिहावं, तिच्या ईमेलवरून, पाठवायच्या आधी तुम्हाला न दाखवता. मी वाट बघते.