बहिणीच्या लग्नात स्वतः बनवलेला नक्षीचा चॉपिंग बोर्ड द्यायचाय. लाकूड कोणतं घेऊ, दिवस किती लागतील आणि कडेनं सागाची चौकट लावू का?

चौकट लावू नका. बाकीचं नंतर.

मी यवतमाळकडचा, घरात सुतारकाम. माझ्याही बहिणीचं लग्न होतं, ऐन मे महिन्यात. आरा मशीनवरून हळदू आणि शिसम निवडून आणला. पट्ट्या चिकटवल्या, आडव्या कापल्या, कापलेलं टोक वर करून, एकाआड एक फिरवून पुन्हा चिकटवल्या. बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी आली. तेलाचा हात फिरला तसा हळदू तुरीच्या वरणासारखा पिवळा झाला आणि शिसमच्या काळ्या रेघा वर आल्या.

मोठे काका आले. म्हणाले, "कडा अशाच उघड्या ठेवतं का? सागाची चौकट मार. आहेर आहे तो." मी म्हटलं, पावसाळ्यात फुगेल. "चाळीस वर्षं दरवाजे बनवले म्या, मले नको शिकवू." लग्नघरात वाद नको म्हणून मारली चौकट.

जुलैत बहिणीकडं गेलो तर चारही कोपरे उघडलेले. एका फटीत नख जात होतं आणि आत कोथिंबिरीचा काळा चिखल बसला होता. बोर्ड कोठीत ठेवून ती पुन्हा विळीवर चिरत होती. ते बघून मला फार लागलं.

काका अजून म्हणतात, तुया फेविकॉल कच्चा होता. नव्हता. मधल्या चौकोनांचा एकही जोड सुटला नाही, सुटले ते चौकटीचेच. लाकूड ओल धरलं की रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाहीच. या नक्षीत कापलेलं टोक वर येते, म्हणून बोर्ड दोन्ही अंगांनी फुगतो आणि चौकट जागची हलत नाही. दरवाज्याची फळी खाचेत सुटी ठेवायची, चिकटवायची नाही, हे मला काकांनीच शिकवलं. मग इथं नियम कसा बदलला?

लाकडाचं म्हणाल तर हळदू, शिसम, बाभूळ, साग, काहीही चालते. सागाला अंगचं तेल असते, तेव्हा रंधा मारला की त्याच दिवशी चिकटवा. बिजा नको, तो पाण्यात रंग सोडतो. मधुमेहवाले ज्या लाकडाच्या पेल्यात पाणी ठेवून पितात, तोच बिजा. शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं तेल खवटते. घाण्याचं कच्चं जवसाचं तेल पातळ लावा, प्रत्येक हात सुकू द्या, याला बरेच दिवस जातात. पेंटच्या दुकानातलं डबल बॉइल जवसाचं तेल मुळीच नको, त्यात सुकवायची रसायनं असतात.

आणि लाकूड ओलं असेल तर यंदाच्या लग्नाला दुसरं काही द्या. ओल्या लाकडाचा बोर्ड बिनचौकटीचाही तडकतो. दुसरा बोर्ड मी बहिणीला भाऊबीजेला दिला, कडा नुसत्या गोल घासून. दोन पावसाळे काढले त्यानं. फक्त तिला सांगितलंय, धुतला की आडवा टाकू नको, भिंतीला उभा ठेव.