जहाज नाही म्हणून अडू नकोस

गंगापूर रोडवरच्या खोलीत बसून खोल समुद्रातल्या प्राण्यांचे विषाणू शोधता येतात का, असं विचारलंस. येतात. नमुने आणायला जहाज लागतं, पण इतरांनी वाचून ठेवलेले आरएनएचे क्रम एसआरए या खुल्या ऑनलाइन संग्रहात फुकट मिळतात. २०२२ साली सेराटस प्रकल्पाने असेच जुने साठे चाळून लाखाहून अधिक नवे आरएनए विषाणू दाखवले.

शोध आरडीआरपीचा घे. आरएनए विषाणूंच्या प्रती काढणारं हे विकर (एन्झाइम) फारसं बदलत नाही. जुळणी मात्र प्रथिनांच्या पातळीवर कर. लॅपटॉप दमेल, रात्री लावून झोप.

खरी डोकेदुखी पुढे. सापडलेला विषाणू त्या प्राण्याचाच कशावरून? त्याने खाल्लेल्या भक्ष्याचा असेल, परजीवीचाही असेल. द्राक्षाच्या घडावर माशी दिसली म्हणून ती वेलीला लागत नाही! म्हणून सुरुवातीला मी समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांवरची रिफ्टिया ही नळीत राहणारी कृमी सुचवेन. प्रौढ रिफ्टियाला तोंड नाही, आतडंही नाही, त्यामुळे जेवणाचा संशय बराच मिटतो. पण आत सहजीवी जीवाणू खच्चून भरलेले असतात. त्यांचे फाज, म्हणजे जीवाणूंना लागणारे विषाणू, वेगळे काढ.

तिचा जनुकसंचही उपलब्ध आहे. विषाणूचा तोच तुकडा तिथे दिसला, प्रथिन अर्धवट तोडणारे थांबा-संकेत मध्येच आले, तर तो बहुधा डीएनएत अडकलेला जुना अवशेष, चालू संसर्ग नव्हे. हे न तपासता 'नवा विषाणू' म्हणून मिरवणाऱ्यांची मला चीड येते.

आणि एकाच प्रयोगशाळेच्या सगळ्या नमुन्यांत तोच क्रम दिसला, तर आधी नमुने तयार करायच्या रसायनांच्या किटवर संशय घे.