वाचकांचे प्रश्न: लॉक सगळीकडे आहे, तरी कर्नल पडतोच!

प्रश्न: लिनक्सच्या कर्नलसाठी (सिस्टमचा गाभा) एक छोटं नेटवर्क मॉड्यूल लिहितोय. दर कनेक्शनला एक स्ट्रक्ट, त्याच्यात एक टायमर, आणि सगळी स्ट्रक्ट हॅश टेबलमध्ये. पॅकेट आलं की सॉफ्टआयआरक्यूमधून (इंटरप्टनंतर लगेच चालणारं कर्नलचं काम) टेबलात शोधतो, टेबलला स्पिनलॉक (मिळेपर्यंत सीपीयू तिथेच फिरत राहतो असा लॉक) आहे. कनेक्शन बंद करताना टेबलमधून काढायचं, डेल_टायमर, मग केफ्री, म्हणजे मेमरी सोडायची. लोड वाढला की कधीतरी यूज-आफ्टर-फ्री (सोडलेली मेमरी परत वापरणं) येतो, आणि शोधायला प्रिंटके (लॉगमध्ये ओळ लिहिणारे कॉल) टाकले की गायब! चुकतंय कुठे?

उत्तर: प्रिंटके टाकल्यावर बग पळतो म्हणजे ही रेसच आहे (कोण आधी पोचतो यावर निकाल ठरतो) असं धरून चाला, कारण प्रिंटके वेळ खातो आणि दोन सीपीयूंची जी नेमकी गाठ पडायची ती चुकते. आधी ते प्रिंटके काढा आणि कासान (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं साधन) चालू करून कर्नल बिल्ड करा. मेमरीला हात कुणी लावला, ती घेतली कुणी आणि सोडली कुणी, तिन्हीचे स्टॅक समोर येतात, निम्मं काम तिथेच होतं.

तुमच्या वर्णनावरून मला दोन भोकं दिसतायत. पहिलं टायमरचं. डेल_टायमर फक्त रांगेत थांबलेला टायमर काढतो, दुसऱ्या सीपीयूवर हँडलर (वेळ भरल्यावर चालणारं टायमरचं फंक्शन) आधीच सुरू झाला असेल तर त्याच्यासाठी थांबत वगैरे नाही, तुम्ही इकडे केफ्री करून मोकळे आणि तो तिकडे त्याच स्ट्रक्टमध्ये लिहितोय. टायमर_डिलीट_सिंक वापरा, ते हँडलर संपेपर्यंत थांबतं. पण हँडलर जो लॉक घेतो तोच हातात धरून हे कॉल करू नका, हँडलर लॉकसाठी थांबणार, तुम्ही हँडलरसाठी, बसा मग. आणि पॅकेटच्या वाटेवरून कुणी तोच टायमर परत लावत असेल तर कर्नल ६.२ पासून टायमर_शटडाउन_सिंक आहे, ते झाल्यावर टायमर पुन्हा लागतच नाही.

दुसरं भोक मोठं आहे. सॉफ्टआयआरक्यूमध्ये लॉक घेतला, स्ट्रक्ट सापडलं, लॉक सोडला, आणि पॉइंटर पुढे वापरताय, बरोबर ना? त्या लॉकने टेबल सांभाळलं, स्ट्रक्ट नाही. लॉक हातात असतानाच रेफरन्स (स्ट्रक्ट किती जण वापरतायत त्याची मोजणी) वाढवा, काम झालं की सोडा, आणि केफ्री फक्त शेवटचा रेफरन्स सोडणाऱ्याने करायची. सॉकेटचा कोड हेच करतो बघा: एसके_रीसेट_टायमर टायमर लावताना सॉकेटचा एक रेफरन्स धरतो, म्हणून तिथे सिंक नसलेलं साधं डिलीटही चालून जातं.

उद्या शोध आरसीयूवर (वाचणाऱ्याने लॉक न घेता वाचायची पद्धत) न्यायचा असेल तर रेफकाउंट_इंक_नॉट_झीरो लागेल (शून्य दिसलं तर सापडलंच नाही असं समजून पुढे जायचं) आणि केफ्रीच्या जागी केफ्री_आरसीयू, ते आधीचे वाचणारे संपल्यावरच मेमरी सोडतं. टीसीपीचे सॉकेट तर टाइपसेफ-बाय-आरसीयू स्लॅबमधून येतात, म्हणजे तुम्ही बघेपर्यंत तीच मेमरी दुसऱ्याच कनेक्शनची झालेली असू शकते, त्यामुळे रेफरन्स मिळाल्यावर पत्ते आणि पोर्ट परत ताडून बघावे लागतात. हा दुसरा चेक लोक हमखास विसरतात.

आणि हो, तोच लॉक प्रोसेस कॉन्टेक्स्टमध्ये (म्हणजे सिस्टम कॉलसारख्या साध्या वाटेवर) घेताना स्पिन_लॉक_बीएच, ते त्या सीपीयूवर सॉफ्टआयआरक्यू रोखून ठेवतं, नाहीतर त्याच सीपीयूवर सॉफ्टआयआरक्यू येऊन अडकेल.

प्रश्न: केसीसॅनने (डेटा रेस, म्हणजे एकाच व्हॅल्यूला दोघांनी लॉकशिवाय हात लावणं, शोधणारं कर्नलचं साधन) रिपोर्टांचा ढीग लावलाय. सगळीकडे रीड_वन्स आणि राइट_वन्स टाकून दिलं तर चालेल का?

उत्तर: रिपोर्ट बंद होतील, बग राहील. रीड_वन्स कंपायलरला एवढंच सांगतो की ही व्हॅल्यू एकदाच आणि अखंड वाच. सिसकंट्रोलची (कर्नल चालू असताना बदलता येणारी) एखादी सेटिंग असेल, जुनी मिळाली काय, नवी मिळाली काय, फरक पडत नाही, तिथे तो अगदी योग्य उपाय आहे. पण आधी तपासायचं आणि मग त्या भरवशावर वापरायचं असा प्रकार असेल तर दोन्ही एकाच लॉकच्या आत हवं.

व्हीसॉकचं (व्हर्च्युअल मशीन आणि होस्ट यांच्यातले सॉकेट) उदाहरण घ्या, सुरक्षेच्या दोषांच्या यादीत सीव्हीई-२०२१-२६७०८. ट्रान्सपोर्टचा पॉइंटर लोकल व्हेरिएबलमध्ये कॉपी व्हायचा आणि लॉक_सॉक (सॉकेटचा लॉक घेणं) त्याच्यानंतर, मधल्या फटीत दुसरा थ्रेड ट्रान्सपोर्ट बदलून टाकणार आणि हातात राहणार जुना पॉइंटर. २०१९ च्या शेवटी हा कोड आत आला, २०२१ च्या सुरुवातीला दुरुस्त झाला, आणि साध्या युजरला रूट मिळवता येतं हे दाखवून झालं. दुरुस्ती काय, तर ती ओळ लॉकच्या खाली नेली! नवीन लॉक एकही नाही. तिथे रीड_वन्स टाकला असता तर जुनाच पॉइंटर जरा व्यवस्थित वाचला गेला असता, एवढंच.

प्रश्न: फिक्स केल्यावर रात्रभर टेस्ट चालवली, पडलं नाही. पॅच पाठवू?

उत्तर: थांबा जरा. आधी जुन्या कोडमध्ये त्या फटीत मुद्दाम एमडिले (काही मिलिसेकंद थांबवणारा कॉल) टाका आणि तो लगेच पडतो का बघा, मग तोच डिले नव्या कोडमध्ये ठेवून कासान आणि लॉकडेपसकट (लॉकच्या वापरातल्या चुका पकडणारं साधन) चालवा. जुना पडला आणि नवा टिकला तरच त्या टेस्टला अर्थ. डिले काढून पॅच पाठवा, वर्णनात सीपीयू ० आणि सीपीयू १ आजूबाजूला मांडून कोण कधी काय करतो ते लिहा, आणि बग ज्या कमिटने आला त्याचा फिक्सेस टॅग लावा, म्हणजे स्टेबलवाल्यांना (जुन्या कर्नल आवृत्त्या सांभाळणारे) दुरुस्ती कुठपर्यंत मागे न्यायचं ते कळतं.