बीएससी सोडून पुन्हा नीट? आधी मुलीला विचारलंत का

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बीएससी मायक्रोबायोलॉजीच्या सेकंड इयरला आहे, नीट दोनदा दिली, एकदा बारावीबरोबर आणि एकदा वर्ष गॅप घेऊन, मार्क 318 आणि 371, आता बीएससी सोडवून तिसऱ्यांदा बसवायचंय, लातूरला क्लासही बघून ठेवलाय. तुमचा प्रश्न एवढाच की डिग्री पूर्ण न करता मेडिकलला जाता येतं का. येतं. एमबीबीएसला डिग्री लागतच नाही. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्लिश, वय 17 पूर्ण आणि नीट. वयाची वरची अट 2022 मध्ये काढून टाकली, किती वेळा परीक्षा द्यायची यालाही मर्यादा नाही.

माझा जीव अडकलाय तो पत्रातल्या दुसऱ्याच ओळींत. तिचा मोबाईल काढून घेतलाय, टीसीचा अर्ज भरून ठेवलाय आणि हे पत्र लिहिल्याचं तिला माहीत नाही. दोन पानी पत्रात तुम्ही काय ठरवलं, तिच्या काकांचं काय म्हणणं, आत्याचा मुलगा कुठे लागला, सगळं आलंय, फक्त तिला काय वाटतं हे एका ओळीतही नाही. ती वीस वर्षांची आहे दादा. आणि जाता जाता तुम्ही तक्रार केलीय की ती लॅबमध्ये थांबून राहते, घरी उशिरा येते, फर्स्ट इयरला 78 टक्के पडले पण त्याला काय अर्थ. मला तर सगळ्यात जास्त अर्थ त्यातच दिसला. दोनदा नापसंत मार्क घेऊन आलेली मुलगी कुणी न सांगता लॅबमध्ये थांबतेय, म्हणजे तिला काहीतरी गवसलंय, आणि तुम्ही नेमकं तेच हातातून काढून घ्यायला निघालाय. हे मला अजिबात पटलेलं नाही.

आता पत्रात लिहिलेल्या त्या ॲडमिशन एजंटचं. तो म्हणतो बीएससीची दोन वर्षं धरून एमबीबीएसच्या डायरेक्ट सेकंड इयरला बसवतो, दोन लाख टोकन द्या. हा गैरसमज कुठून येतो ते कळतं, डिप्लोमावाली पोरं इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला जातात, बीएससीवालेही जातात, तेव्हा मेडिकललाही तसं असेल असं वाटतं. नाहीये. एमबीबीएसला अशी मधून एन्ट्री नाही, बीएएमएस, बीएचएमएस झालेल्यालासुद्धा नाही, त्यांनाही नीट देऊन पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. पहिल्या वर्षाला ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री असतं, त्यातलं बायोकेमिस्ट्री तिने थोडंफार केलं असेल, पण डेड बॉडीवरचं डिसेक्शन मायक्रोबायोलॉजीच्या पोरांनी कुठे केलेलं असतं? मॅनेजमेंट कोटा असो, एनआरआय असो, की परदेशात शिकून इथे प्रॅक्टिस करायची असो, नीट चुकत नाही. त्या माणसाला एक रुपया देऊ नका, दिला असेल तर पावती आणि मेसेज जपून ठेवा आणि पोलिसात तक्रार करा.

तिला स्वतःला डॉक्टर व्हायचं असेल तर माझी हरकत नाही, तेव्हाही सेकंड इयर पूर्ण करून मगच सोडू दे, नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांचे क्रेडिट्स, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाची नोंद, जमा राहतात आणि वरचे काही क्रेडिट्स केले तर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. 371 वरून सरकारी सीट लांब आहे हेही तिच्याशी मोकळेपणाने बोला. आणि नको असेल तर एमएससी आहे, मेडिकल कॉलेजातच मेडिकल मायक्रोबायोलॉजीचं एमएससी असतं, फार्मा कंपन्यांत क्वालिटी कंट्रोल आहे, पुण्यात एनआयव्ही म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेसारखी संस्था आहे जिथे कोरोनाच्या सुरुवातीला देशभरातले नमुने तपासायला येत होते. अशा ठिकाणी मायक्रोबायोलॉजीचीच माणसं लागतात. ढकलून एमबीबीएसला घातलं तर तिथेही पहिलं वर्ष चार अटेम्प्टमध्ये निघावं लागतं, नाहीतर बाहेर, तेव्हा तिच्या जागी तुम्ही पेपर लिहायला जाणार नाही.

टीसीचा अर्ज तिच्या हातात द्या, काय करायचं ते ती सांगेल, आणि ती सांगत असताना मध्ये बोलू नका, काकांनाही बोलवू नका. मोबाईल मात्र आजच परत करा, प्रॅक्टिकलच्या बॅचचे मेसेज त्यावरच येतात.